उजव्या टोकाचा फुगा

६ फेब्रुवारी

घरी आले. कमरेत वाकूनच जिना चढले, तर शेजारीण म्हणते, "काही पडलं का हो, शोधताय?" कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत पोटाला शिवण घातलीय, सरळ उभं राहायचं म्हटलं की ती आधी परवानगी मागायला लावते. दोन नळ्या पोटातून बाहेर आल्यात आणि त्यांच्या टोकाला रबरी गोळे लोंबताहेत. वरून मांड्यांपासून छातीपर्यंत पट्टा, इतका घट्ट की हसायची सोय नाही. ताई मात्र हसवायचं सोडत नाही. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. खाली दुकानात काजं-बटणं आणि तुरपाई तिची, बाकी कापणं-शिवणं माझं.

डॉक्टरीणबाईंनी नळ्यांतून किती पाणी येतं ते लिहायला वही आणायला सांगितली होती. ताई ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. म्हणजे वही माझी झाली.

तर लिहूनच टाकते. पोरं जुळी. आता त्यांना मिशा फुटल्या, दोघं वसतिगृहात राहतात, पण माझ्या पोटाची कातडी काही परत जागेवर गेली नाही. मशीनवर बसलं की मांडीवर यायची, घडीत घाम साचून चट्टे उठायचे. लोकांच्या कपड्यांतला झोल काढण्यात जन्म गेला, म्हटलं एकदा स्वतःचाही काढावा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चाललंय ना सगळं नीट? मग कशाला कापाकापी?" दुखणं नसताना पोट कापून घेणं ही हौस, असं सगळ्यांचंच म्हणणं. मी म्हटलं, हौस तर हौस.

आणि वही कोणी वाचणार नाही म्हणून हेही लिहिते. कितीतरी वर्षांत मी ह्यांच्यासमोर उजेडात कपडे बदललेले नाहीत. मला ते संपवायचंय. शिवण बारीक बसू दे, मग ह्यांनी एकदा माझ्याकडे नीट बघावं, एवढंच मला हवंय.

९ फेब्रुवारी

आज ताईच्या तोंडून निसटलं. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा आमचे मेकॅनिकसाहेब, म्हणजे हे, वर आलेच नव्हते. सगळा वेळ खाली गाडीत बसून होते. मला शुद्ध आली तेव्हा उशाशी ताई होती, मला वाटलं हे चहाला गेले असतील.

"गाडीत काय करत होते?" मी विचारलं.

"छोटूला हॉस्पिटलचा वास सहन होत नाही." ताई अजून ह्यांना छोटूच म्हणते, एवढा दाराएवढा माणूस. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "आमची आई पण अशीच चालत गेली होती ऑपरेशनला. किरकोळ आहे म्हणाले होते." मग दोरा तोंडात धरून ओला केला.

मी नुकतं पोट कापून आलेय, मला हे आत्ताच ऐकवायचं काही नडलं होतं का? ताईला वेळकाळ कळत नाही. आणि ह्यांचं म्हणाल, तर हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. चौदाव्या मजल्यावर, खाली काळी पोकळी, तिथे एका पट्ट्यावर लोंबकळत पान्याने नट आवळतो. त्याला वास सहन होत नाही म्हणे! सरळ म्हणा ना, पटलं नव्हतं म्हणून आलो नाही.

१४ फेब्रुवारी

नळ्या निघाल्या. सुटले.

सिस्टरनी ड्रेसिंग करायला शिकवलं, घरी कोणीतरी मदतीला हवं म्हणाल्या. ताई तिच्या घरी गेली होती म्हणून ह्यांना टॉर्च धरायला उभं केलं. मी पट्टी सोडली. पहिल्यांदाच नीट दिसली शिवण. काय टाके! एकही बाहेर दिसत नाही, सगळी आतून तुरपाई. नाभीसुद्धा नव्या जागी काजासारखी बेतून बसवलीय. मी म्हटलं, "अहो, बघा तरी, केवढं सफाईचं काम आहे." टॉर्चचा उजेड छताला. वर बघितलं तर मेकॅनिकसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे.

"झालं का?" एवढंच म्हणाले.

मी पट्टी लावली. मला किळस ओळखता येते. इतकी वर्षं ट्रायल रूममध्ये बायकांना स्वतःच्या पोटाकडे बघताना पाहिलंय.

१५ फेब्रुवारी

आजपासून हे बाहेरच्या खोलीत झोपणार. मान अवघडते म्हणे. झोपा.

२३ फेब्रुवारी

जरा सरळ व्हायला लागले म्हणून हळूच जिना उतरून दुकानात गेले. इस्त्री जागेवर नाही! माझी जड इस्त्री, जिच्याशिवाय कोटाची कॉलर बसत नाही. ताई म्हणाली, छोटू घेऊन गेला, त्याच्या कामाच्या जागी कुलपात ठेवलीय. कपडे समोरच्या लाँड्रीत जातात इस्त्रीला.

संध्याकाळी विचारलं. "डॉक्टरनी जड उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. तू उचलशील," असं उत्तर मिळालं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तू उचलशील," पुन्हा तेच. या माणसाशी भांडणं म्हणजे कपाटाशी भांडणं. दुकान बंद पडावं असं ह्यांना वाटतंय की काय, कोण जाणे. पण मी काही बंद पडू देणार नाही. बसून कापायचं कापीन, टाचायचं टाचीन.

१२ मार्च

खपली सगळी गेली. डावीकडची रेघ इतकी सुरेख की मीच माझ्यावर खूश. लालसर आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या ती लाली वर्षभर उतरत जाते, उन्हात न्यायची नाही, अजून चोळायची नाही, सगळं बंद झालं की सिलिकॉनची पट्टी लावायची. पोटाचा खालचा भाग बधिर आहे. टाचणी टोचली तरी कळत नाही. ते येईल म्हणाल्या, येईल तेव्हा येईल.

पण उजवं टोक! तिथे शिवण संपते तिथे बोराएवढा फुगा आलाय. बोट फिरवलं की हाताला लागतो. शिकाऊ मुलीने बाहीचं टोक शिवलं की येतो तसाच. मी दाखवला, तर त्या म्हणाल्या, "हा पुष्कळांना येतो. आपोआप बसतो बहुतेक. सहा महिने त्याच्याकडे बघू नका."

बघू नका! माझ्या दुकानातून असा फुगा घेऊन गिऱ्हाईक बाहेर पडलं असतं तर मी पाटी उतरवली असती.

२० मार्च

फुगा आहे तिथेच आहे. रोज सकाळी आरशात आधी तोच दिसतो. डावीकडची सुरेख रेघ मला दिसेनाशीच झालीय.

२४ मार्च

डोक्यात एक आलंय. कापडाच्या शिवणीला टोकाशी असा फुगा आला तर आपण काय करतो? उसवत नाही. ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्त्री नुसती दाबून धरायची, घासायची नाही. वाफेने जास्तीचं कापड आत ओढलं जातं आणि फुगा विरतो. लोकर तर काय छान ऐकते! कातडी म्हणजे लोकरीपेक्षा हट्टी थोडीच असणार.

इस्त्री कुलपात आहे आणि असती तरी मी काही एवढी वेडी नाही. पण कपाटात गरम पाण्याची रबरी पिशवी आहे.

२५ मार्च

केलं. ताई दुपारची पडली होती. ओलं फडकं, त्यावर पिशवी, त्यावर माझा हात. छान निवांत पडून राहिले. काही भाजलं नाही, चटका नाही, नुसती थोडी ऊब, तीसुद्धा वरच्या भागाला. वाटलं पिशवी गार झाली म्हणून उठून पुन्हा भरली. या खेपेला पाणी जरा जास्तच गरम घेतलं.

काढून बघितलं तर तिथली कातडी लालबुंद. वाफेने रंग येतोच. उद्या बघू, बसला असेल.

२६ मार्च

फोड आलाय. मोठा, पाण्याने भरलेला, थेट शिवणीवर.

मी मूर्ख आहे. टाचणी टोचली तरी कळत नाही हे माझ्याच हातांनी इथे वर लिहिलंय, आणि त्याच जागेवर उकळतं पाणी ठेवलं. कापड ओरडत नाही म्हणून आपण हाताने अंदाज घेतो, फडक्याच्या कडेला बोट लावून बघतो. तेवढंही केलं नाही, कारण आपलीच कातडी आहे, जळायला लागली तर सांगेलच की!

कोणाला सांगणार नाही. हे म्हणतील, तरी सांगत होतो. म्हणतील असं नाही, बोलायचेच नाहीत, पण भिंतीकडे तोंड करतील. फोड म्हणजे फोड, बरा होतो. कापूस लावून वरून पट्टा घातलाय.

२९ मार्च

फोड फुटला. आठवड्याची तपासणी होती ती फोन करून पुढे ढकलली, दुकानात काम आहे म्हणून सांगितलं. खोटं बोलायला जीभ अडखळली नाही, याचं वाईट वाटलं.

१ एप्रिल

अंगात कणकण आहे. ताई म्हणाली, कसला तरी वास येतोय. मी म्हटलं, नाल्याचा असेल.

४ एप्रिल

काल सगळं झालं ते सरळ लिहून काढते.

सकाळी एक बाई कोटाच्या मापाला आल्या. मी टेप घेऊन उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. ताईने धरलं, ट्रायल रूममध्ये नेऊन बसवलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत पट्ट्याचे हूक सोडले. मग तिचं तोंड बघितलं मी. ताई, जिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही, तिचा आवाजच बसला.

"कधीपासून?"

सांगितलं. पिशवीसकट सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिने माझे हूक एकेक करून परत लावले, लहान मुलाचे लावतात तसे, आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी जळलेली कातडी काढली. बधिर असल्यामुळे दुखलं नाही, यापेक्षा दुखलं असतं तर बरं. हातमोजे काढल्यावर म्हणाल्या, "त्या जागेला गरम लावायचं नाही हे मी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं. पण तुम्ही तपासणी टाळलीत, ते का?"

गोळ्या, रोज ड्रेसिंग. शिवण त्या टोकाला उघडली आहे, ती आता टाके न घालता तळापासून आपोआप भरायची. व्रण रुंद होणार. फुग्याच्या जागी चट्टा, हे मी स्वतःच्या हाताने मिळवलं.

घरी आलो. ह्यांना ताईने खाली दुकानातच गाठून, पिशवी हातात देऊन सांगितलं. मी जिन्यात होते. मग करकर ऐकू आली म्हणून उतरले, तर मेकॅनिकसाहेब कापायच्या टेबलापाशी उभे, आणि माझ्या कात्रीने ती रबरी पिशवी कापताहेत. माझ्या कपड्याच्या कात्रीने! जिने मी कधी कागद कापू दिला नाही, पोरांनी एकदा पतंगाला लावली तर दोघांच्या पाठीत धपाटे घातले होते, त्या कात्रीने जाड रबर. पट्ट्या पट्ट्या करत होते, टेबल भरलं होतं नुसतं.

"अहो, धार गेली!" मी ओरडले.

"जाऊ दे."

"माझी कात्री आहे ती!"

"जाऊ दे म्हटलं ना!" एवढ्या मोठ्याने की समोरचा लाँड्रीवाला बाहेर आला. लग्न झाल्यापासून हा आवाज मी ऐकला नव्हता. मग ह्यांनी कात्री ठेवली, जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले आणि चेहरा हातात धरला. ताई जवळ जाऊन उभी राहिली. मी वर आले.

राग माझ्यावर होता तर माझ्यावर काढायचा. कात्रीने काय घोडं मारलं होतं?

१९ एप्रिल

जखम भरतेय. तळ लालभडक झालाय, सिस्टर म्हणतात हे चांगलं लक्षण आहे. मी एकही ड्रेसिंग चुकवलेलं नाही. सांगतील ते करते, जास्त नाही, कमी नाही. आजवर माझ्या हातून बिघडलेला कपडा मी फेकून दिलेला नाही, दुरुस्त केलाय. हाही करीन.

हे माझ्याशी बोलत नाहीत, पण रोज सकाळी निघताना दारात उभे राहून विचारतात, "ताप?" मी म्हणते, "नाही." मग जातात. हजेरी घेतल्यासारखं.

३ जून

बंद झाली. पूर्ण. आज पहिल्यांदा पट्टीविना अंघोळ केली आणि बाथरूममध्येच मोठ्याने गाणं म्हटलं, सूर गेला खड्ड्यात.

उजवीकडे तळहाताच्या निम्म्याएवढा चट्टा आहे, जाड, चकचकीत, ताठ. खाली वाकलं की ओढतो. डॉक्टरीणबाईंनी सिलिकॉनची पट्टी दिलीय, दिवसरात्र लावायची, धुऊन परत लावायची. सगळ्यात आधी काय विचारलं असेल मी? जाईल का? "जाणार नाही. बराच नरम पडेल, फिका होईल. वर्षाने बघू, हवं तर कापून नवी शिवण घालता येईल." मी म्हटलं, चालेल. घाई माझी संपली.

२१ ऑगस्ट

इस्त्री परत आली. सकाळी उठून बघते तर टेबलावर, तळ घासून लख्ख केलेला, नवी वायर घातलेली. ह्यांचंच काम.

कोटाच्या सहा कॉलरी बसवल्या. हात विसरले नव्हते.

१० ऑक्टोबर

चट्ट्यात इंजेक्शन देतात, चौथं झालं आज. जाडी खरंच उतरतेय. आता मालिश सुरू करायची, अंगठ्याने, चांगला जोर लावून, नाहीतर खालच्या मांसाला चिकटून राहील. मला पडल्यावर उजवं टोक दिसत नाही आणि बसल्यावर घडी पडते, म्हणून ताई करते. ताईचे हात म्हणजे लोखंड. मला मात्र दाब कळतच नाही, ती विचारते, "लागतंय?" आणि मी सांगते, "कुठे आहेस तू?"

डावीकडची रेघ आता शोधावी लागते. आज ट्रायल रूमच्या आरशापुढे पट्टा न घालता, नुसता सुती कुडता घालून उभी राहिले. सरळ पडला कुडता. झोल नाही. मला फार आनंद झाला, चट्ट्यासकट झाला. ज्यांना हौस म्हणायचं त्यांनी म्हणावं.

फक्त एकाच माणसाने अजून बघितलेलं नाही. आता मी वाट बघायची सोडून देते. नाही आवडत तर नाही आवडत.

१७ जानेवारी

ताईच्या सुनेचे दिवस भरलेत म्हणून ताई तिकडे गेली, महिनाभर तरी येणार नाही. जाताना ह्यांना उंबऱ्यातच म्हणाली, "छोटू, तिची मालिश चुकवायची नाही. अंगठ्याने, जोर लावून. तुला जमतं सगळं, नाटकं करू नकोस." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

मला हसू आलं आणि कसंतरीही झालं. मी म्हटलं, "राहू द्या, मी करीन माझी."

"तुला दिसत नाही तिथलं," हे म्हणाले.

दुपारी मी पडले. हे खुर्ची ओढून बसले, हाताला तेल लावलं आणि समोरच्या घड्याळाकडे बघत अंगठा ठेवला. मी छताकडे बघत होते. म्हटलं दहा मिनिटं काढायची, मग दोघंही सुटलो. नेहमीसारखं काही कळत नव्हतं.

मग कळलं.

आधी वाटलं भास होतोय. चट्ट्याच्या कडेला, जिथे मला वर्षभर काही म्हणता काही कळलं नव्हतं, तिथे काहीतरी बारीक बारीक हलत होतं. श्वास रोखून पडून राहिले. पुन्हा झालं. अंगठा होता तो. दाबत नव्हता, नुसता टेकला होता आणि थरथरत होता.

मान उचलून बघितलं. चौदाव्या मजल्यावर लोंबकळणारा माणूस, त्याच्या कपाळावर घाम.

"अहो, तुमचा हात कापतोय."

"कळतंय तुला?" घड्याळावरची नजर सुटली.

"कळतंय. का कापतोय?"

ह्यांनी कपाळ बाहीला पुसलं. मग म्हणाले, "मला वाटतं, हात लावला आणि उसवलं तर. झोपेत लाथ लागली आणि उसवलं तर. पहिल्या दिवसापासून वाटतं." आणि पुढे म्हणाले, "आई चालत गेली होती गं. मी बाहेर बाकावर बसलो होतो, ती परत आलीच नाही. नऊ वर्षांचा होतो मी."

सगळं वर्ष डोळ्यांपुढून गेलं. गाडी, भिंत, बाहेरची खोली. आणि मी त्याला किळस म्हणत होते, या वहीत लिहून ठेवत होते. लाज वाटली मला. राग पण आला, की अहो, हे तेव्हाच बोलायला तोंडाला काय कुलूप लावलं होतं? पण बोलले नाही, कारण तोवर त्यांनी मान खाली घातली होती आणि बघत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, कुठलीही जागा न सोडता. कौतुक नव्हतं त्यात. चट्ट्यापाशी आले, थांबले.

"किती दुखलं असेल गं तुला."

ऑपरेशनला नाही, जखम उघडली तेव्हा नाही, पण आता मी रडायला लागले. रडताना पोट गदगदा हलतं, तर हे घाबरून हात काढून घ्यायला लागले. मी मनगट घट्ट धरलं.

"दाबा," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंनी जोरात दाबायला सांगितलंय."